गावात अभ्यासक्रमावरनं भांडणं लागलीत, पोरीला जिल्हा परिषदेच्या शाळेतनं काढू का?

पत्र:

बाई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका वाडीवर राहते. घरची द्राक्षबाग आहे. एक मुलगी, जि.प.च्या शाळेत, पहिली झाली. नवीन पुस्तकाची पहिली बॅच तिचीच. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन. गावात सारखी तीच चर्चा. कुणी म्हणतंय स्टेट बोर्ड बंद होऊन सगळं सीबीएसई होणार, कुणी म्हणतंय हिंदी लादणार. सासरे म्हणतात चौथीचं शिवाजी महाराजांचं पुस्तकच जाणार. दीर म्हणतात विट्याला इंग्लिश मीडियमला घाला, फी मी भरतो, पिवळी गाडी दारात येते, आणि नीटला सीबीएसईच लागतं. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, म्हणजे नाव आहे, सह्या करते. आता ग्रामसभेत हा विषय घेणारेत आणि मला बोला म्हणतायत. नवरा म्हणतो तुला काय कळतंय त्यातलं. मुलीला काढू का ठेवू? आणि बोलायचं तर काय बोलू?
— एक आई

उत्तर:

अगं, पहिलं उत्तर आधी देते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. या कारणासाठी पोरीला काढू नकोस. दुसऱ्या एखाद्या कारणानं काढायची वेळ येऊ शकते, ते पुढं सांगते, पण पारावर चाललेल्या या भांडणावरनं सात वर्षाच्या मुलीची शाळा बदलायची काही गरज नाही.

तुझ्या पत्रात चार वेगवेगळी भांडणं आहेत आणि गावात ती एकाच दमात चाललीत, म्हणून कुणालाच काही कळेना झालंय. एकेक सोडवू.

सीबीएसईचं झालं असं की मार्च 2025 मधे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी सांगितलं, राज्यातल्या शाळांत सीबीएसई पॅटर्न टप्प्याटप्प्यानं आणणार, सुरुवात पहिलीपासून. लोकांनी ऐकलं काय, तर स्टेट बोर्ड बंद. आता पॅटर्न वेगळा आणि बोर्ड वेगळं, पॅटर्न म्हणजे शिकवायची पद्धत आणि बोर्ड म्हणजे परीक्षा घेणारं मंडळ. बोर्ड बंद करणार नाही हे सरकारनं लगेच सांगितलं होतं, पण ते फॉरवर्ड कोण करतंय, व्हॉट्सअॅपवर "बोर्ड बंद" एवढंच फिरतं. तुझ्या मुलीचं पहिलीचं पुस्तक घरात असेल ना, त्याचं आतलं पान उघडून सासऱ्यांना आणि दिरांना दोघांनाही दाखव, प्रकाशक आपली पुण्याची बालभारतीच आहे.

आणि यातली खरी गंमत पुढंच आहे. 2020 चं जे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, त्याच्यावरनं 2023 ला देशाचा शालेय अभ्यासक्रम आराखडा आला. एनसीईआरटी ही केंद्राची पुस्तकं करणारी संस्था, तिची नवीन पुस्तकं त्याच्यावरनं निघतायत, म्हणजे सीबीएसईच्या शाळांत जी असायला पाहिजेत ती (खाजगी प्रकाशकांची जाडजूड महागडी पुस्तकं गळ्यात मारतात तो धंदा वेगळा). आणि आपल्या एससीईआरटीनं, म्हणजे राज्याच्या तसल्याच संस्थेनं, पुण्यात राज्याचा जो आराखडा केला तोही त्याच्यावरनंच. म्हणजे दीर ज्याच्यापासनं पळा म्हणतायत तेच विट्यालाही भेटणार, फक्त फी भरून, गाडीचे पैसे देऊन आणि इंग्रजीतनं. त्या नव्या रचनेत वयाची तीन ते आठ ही पाच वर्षं एकच टप्पा धरलाय, अंगणवाडीची तीन आणि पहिली-दुसरी. तुझी पोरगी त्या टप्प्याच्या शेवटच्या वर्षात आलीय. आत्ता कुठं जोडाक्षरं सुटायला लागली असतील आणि आत्ताच माध्यम बदललं तर ती ना मराठीत धड राहील ना इंग्रजीत, आणि घरी तिचा अभ्यास घेणार तूच आहेस, दीर नाही. त्याच धोरणात पाचवीपर्यंत, जमलं तर आठवीपर्यंत मातृभाषेत शिकवा असंही लिहिलंय आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मधे पण शक्यतो मातृभाषाच म्हटलंय, हे कुणी सांगत नाही कारण याच्यात कुणाला फी मिळत नाही.

नीटचं म्हणशील तर पोरगी सात वर्षाची आहे, तिला अजून डॉक्टर व्हायचंय का गायिका व्हायचंय तिलाच माहीत नाही. तरी दिरांना सांग की नीटचा पेपर मराठीतनंपण देता येतो, आणि आपल्या इंजिनिअरिंगची जी एमएचटी-सीईटी असते ती आपल्याच राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीवर असते, बारावीला 80 टक्के आणि अकरावीला 20. दोन्ही परीक्षा अकरावी-बारावीच्या अभ्यासावर होतात, पहिली-दुसरी कुठं केली ते तिथं कुणी विचारत नाही.

सासऱ्यांची काळजी मला दिरांच्या काळजीपेक्षा जास्त खरी वाटते बरं का. चौथीचं महाराजांचं पुस्तक आपल्याकडं पिढ्यानपिढ्या वाचलं गेलंय, घरातल्या आजोबाला आणि नातवाला दोघांनाही ज्यातले धडे आठवतात असं दुसरं पाठ्यपुस्तक सांग मला. नवीन पॅटर्न आणताना राज्याचा इतिहास-भूगोल कमी होणार नाही असं सरकारनं सांगितलंय. पण सांगणं आणि छापून येणं यात अंतर असतं, म्हणून त्यांनी लक्ष ठेवणं बरोबरच आहे. चौथीचं नवीन पुस्तक हातात आलं की त्यांना स्वतः बसून वाचू दे, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून. मग काय गाळलंय ते दाखवून भांडू दे की, तसल्या भांडणाला वजन असतं.

आता मुळात राज्याच्या त्या आराखड्यावर जे वाद झाले ते काय सगळे फालतू नव्हते. मे 2024 मधे मसुदा लोकांपुढं ठेवला, हरकती मागवल्या, तेव्हा त्यात पाठांतरासाठी मनाचे श्लोक, गीता हे आलं आणि मनुस्मृतीतलं एक वचन वापरलेलं दिसलं, त्यावरनं राज्यभर गदारोळ झाला. तो व्हायलाच पाहिजे होता असं माझं मत आहे, सरकारी शाळेच्या कागदावर मनुस्मृती कशाला पाहिजे? मनाच्या श्लोकांचं मला एवढं वाटत नाही, सज्जनगड आमच्याच सातारा जिल्ह्यात, इकडच्या कितीतरी पोरांना ते आजीकडनंच पाठ असतात, पण घरी आजीनं शिकवणं वेगळं आणि शाळेत सगळ्या जातीधर्माच्या पोरांना लावणं वेगळं. तरी बघ, तो मसुदा वाचायला उघडा होता, हरकत कुणालाही घेता येत होती. तेव्हा आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या किती शाळांत समितीची बैठक घेऊन तो कुणी वाचून दाखवला असेल? आपल्याकडं वाद सुरू होतो तो पुस्तक छापून आल्यावर.

हिंदीचं जरा सविस्तर सांगते, कारण ग्रामसभेत सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होणार. 16 एप्रिल 2025 ला आदेश निघाला, मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा, सक्तीची. ओरड झाली. मग 17 जूनला सुधारित आदेश, त्यात सक्तीचा शब्द गेला आणि "सर्वसाधारणपणे" हिंदी असं आलं, दुसरी कुठली भाषा पाहिजे असेल तर त्या इयत्तेत किमान 20 मुलं पाहिजेत. तुमच्या शाळेत चारी वर्गांची मिळून तरी तेवढी होतात का सांग. मग पुन्हा ओरड, मोर्चाची तारीख ठरली आणि 29 जूनला दोन्ही आदेश रद्द, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती. आता तारखा नीट बघ. त्या वर्षी शाळा उघडल्या 16 जूनला. म्हणजे पोरं नवीन दप्तर घेऊन वर्गात येऊन बसली, गुलाबाची फुलं देऊन स्वागत वगैरे झालं, आणि त्यांनी किती भाषा शिकायच्या हे मुंबईत अजून ठरतच होतं. मला राग येतो तो याचा. हिंदी पाहिजे का नको यावर मी तुझ्याशी तासभर भांडेन (माझं मत, पाचवीपासनं होतीच की, पहिलीत कशाला घुसवायची), पण पाहिजे असली तरी अशी आणतात का?

आणि तीन भाषा म्हटलं की आपण लगेच एवढ्याशा जिवावर ओझं म्हणतो, तर तुझ्याच जिल्ह्यात जत तालुक्यात जाऊन बघ. तिथं जिल्हा परिषदेच्या कानडी माध्यमाच्या शाळा आहेत. तिथली पोरं कानडीत शिकतात, इंग्रजी पहिलीपासनं आहेच, आणि 2020 च्या कायद्यानं मराठी सक्तीची. म्हणजे तीन भाषा झाल्याच. ते कसं निभावतात, पोरांचं कुठं अडतं, हे त्या गुरुजी-बाईंना विचारून मग राज्याचं ठरवायला काय हरकत होती? टीव्हीवर चर्चेला जतचा एक तरी शिक्षक बसवलेला बघितलास का तू?

हे नेहमीचंच आहे. 2019 ला दुसरीच्या गणितावरनं किती धुरळा उडाला आठवतंय का, सत्तावीसला "वीस सात" म्हणायचं, यावर जोक, मीम, विधानसभेत टोमणे. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर, त्या सांगून सांगून दमल्या की जुनी पद्धत काढलेली नाही, नवीन फक्त जोडीला दिलीय, कारण मराठीत आपण सात आधी बोलतो आणि दोन आधी लिहितो, त्यामुळं लहान पोरं 27 आणि 72 मधे गडबडतात. दुसरीला शिकवलेल्या कुठल्याही बाईला विचार, हे शंभर टक्के खरं आहे, मी वर्षानुवर्षं ही गडबड वहीत बघितलीय, पोरगं तोंडानं बरोबर म्हणतं आणि पाटीवर उलटं लिहितं. जतच्या कानडी पोरांना हा त्रासच नाही, ती वीस आधी आणि सात मागनंच बोलतात. पण चर्चा करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते पान उघडून बघितलं नव्हतं. आणि दुसऱ्या बाजूनं, सरकारनंपण गावोगावच्या पालकांना ते आधी समजावून सांगितलं नव्हतं. दोघांचंही चुकलं, आणि त्रास झाला तो दुसरीच्या बाईंना, गेटवर येऊन पालक विचारतात काय हो हे खूळ.

तर आता तुझ्या वाडीवरच्या शाळेचं बघू, कारण खरा प्रश्न तिथं आहे आणि त्यावर ग्रामसभेत कुणीच बोलणार नाही, मी लिहून देते.

दोन शिक्षक, चार वर्ग. म्हणजे एकाकडं पहिली-दुसरी आणि दुसऱ्याकडं तिसरी-चौथी असणार. गेल्या वर्षी पहिली नवीन पुस्तकाची आणि दुसरी जुन्या, दोन्ही एकाच खोलीत, एकच बाई, अर्धा फळा याचा अर्धा त्याचा. एप्रिलच्या त्या आदेशात नव्या अभ्यासक्रमाचे टप्पे असे दिले होते: 2025-26 ला पहिली, पुढच्या वर्षी दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी एकदम, मग पाचवी, सातवी, नववी, अकरावी, आणि 2028-29 ला आठवी, दहावी, बारावी. कागदावर छान दिसतं. शहरात एका वर्गाला एक शिक्षक असतो तिथं ते चालूनही जाईल. पण तुमच्या दोन शिक्षकी शाळेत दुसरी-तिसरी-चौथी एकाच वर्षी बदलणं म्हणजे दोघांनाही सगळंच नवीन. त्यासाठी प्रशिक्षण पाहिजे, ते राज्यातनं जिल्ह्याला, जिल्ह्यातनं तालुक्याला, तिथनं केंद्राला असं झिरपत येतं, आणि जर ते शाळेच्या दिवशी लागलं तर एक जण तिकडं आणि उरलेला एकटा चारी वर्ग सांभाळणार. त्यात पोषण आहाराची रोजची माहिती भरा, यू-डायस म्हणजे शाळेची ऑनलाइन माहिती भरा, कुणाकडं बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 म्हणतं शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम द्यायचं नाही. आता त्या मोबाइलवरच्या अॅपांना शैक्षणिक काम म्हणायचं का काय ते तूच सांग.

तुम्ही बागायतदार माणसं, तुला लगेच कळेल. छाटणीनंतरचं औषधाचं शेड्यूल कुणी बदलायला सांगितलं तर तुम्ही कंपनी देशी का परदेशी यावर भांडत बसत नाही, तुम्ही विचारता कुणाच्या बागेत मारलंय, काय झालं, आमच्याकडं मारणार कोण आणि माल वेळेत येणार का. तेवढंच शाळेला विचारायचंय.

ग्रामसभेत बोलायच्या आधी समितीची बैठक लाव. नवऱ्याला विचार की त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 मधे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका का ठेवल्यात, सह्या करायला ठेवल्यात काय. अध्यक्ष पालकांतला असतो, मुख्याध्यापक सचिव असतात, शाळेचा विकास आराखडा करायचं आणि अनुदान कुठं गेलं बघायचं काम समितीचं आहे. मुख्याध्यापकांशी आधी प्रेमानं बोल, ते तुझे विरोधक नाहीत, उलट जे त्यांना वर लिहिता येत नाही ते समितीच्या तोंडून गेलं तर त्यांनाही बरंच वाटेल. विचार की दोन्ही जागा भरलेल्या आहेत का आणि कुणाची बदली व्हायचीय का, 60 पर्यंत पट असला तरी दोन शिक्षक हे कायद्याच्या परिशिष्टातच आहे. नवीन पुस्तकं पहिल्या दिवशी सगळ्या वर्गांची सगळी येणार का. प्रशिक्षण कधी आहे आणि तेव्हा वर्गावर कोण उभं राहणार. वर्षाला 200 दिवस आणि 800 तास शिकवणं झालं पाहिजे पाचवीपर्यंत, गेल्या वर्षी किती झालं. एवढं हातात असलं की ग्रामसभेत तुला भाषण करावं लागणार नाही, कागद वाचला तरी बास.

आणि हिंदी-सीबीएसईचा गलका सुरू झाला की त्याला अडवायला जाऊ नकोस, होऊ दे दहा मिनिटं. मग शांतपणे म्हण, अभ्यासक्रम काय असावा ते पुण्यात-मुंबईत ठरतं, आपला ठराव तिकडं पाठवायचा तर जरूर पाठवू, पण आपल्या शाळेचं हे हे आपल्या तालुक्यात सुटण्यासारखं आहे, त्यावर आजच ठराव करा. मुद्दा एका श्वासात सांगायचा, मधे थांबलीस की कुणीतरी माईक घेणार. अंगणवाडीताईंनापण बोलाव, नवीन रचनेत तीन वर्षं त्यांच्याकडं आहेत आणि त्या महिला बालविकास खात्यात, शाळा शिक्षण खात्यात, दोघांची गाठ गावातच पडली तर पडली.

आता मुलीचं. काढायचं का ठेवायचं हे ठरवायला एक साधी गोष्ट कर. तिनं कधी न वाचलेला सोपा मजकूर दे, दिवाळी अंकातली लहान मुलांची गोष्ट, नाहीतर वर्तमानपत्राची पुरवणी, आणि शेजारी बसून ऐक. वाचून झालं की काय झालं गोष्टीत ते विचार. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीच्या शेवटापर्यंत मिनिटाला निदान 60 शब्द, समजून, असं धरलंय, दुसरीच्या पोरीला तेवढं नाही आलं तरी चालेल, पण ती अक्षराला अक्षर जोडत अडखळतेय आणि अर्थ निसटतोय असं दिसलं तर बाईंकडं जा, पुस्तक घेऊनच जा, आणि कुठं अडतंय ते दोघी मिळून बघा. बेरीज-वजाबाकी पण तशीच, हातात सुट्टे पैसे देऊन. दोन-तीन महिन्यांनी परत ऐक. सुधारत असेल तर शाळा चांगली आहे, मग बोर्ड कुठलं का असेना.

दुसरं कारण म्हणाले होते ते हे. शाळेवर एकच शिक्षक राहिला, महिनोन्महिने दुसरा मिळालाच नाही, ठराव करून, तालुक्याला चकरा मारूनही काही झालं नाही, आणि पोरगी जिथल्या तिथंच आहे, तर मात्र हलव, त्यात मागं-पुढं बघू नकोस, गावाच्या अभिमानासाठी पोरीचं वर्ष घालवायचं नसतं. पण तेव्हाही आधी शेजारच्या गावची मराठी शाळा बघ, जिथं वर्गाला शिक्षक आहे. पिवळ्या गाडीचा विचार सगळ्यात शेवटी.

दिरांना दुखवू नकोस, फी भरतो म्हणालेत म्हणजे जीव आहे त्यांचा पुतणीवर. त्यांना म्हणावं तेवढ्या पैशात शाळेच्या वाचनकोपऱ्याला पुस्तकं घेऊन द्या, नाव लावू तुमचं.

आणि ठराव झाला की इतिवृत्तात नीट लिहून घे, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवायचा, एक प्रत तासगावला पंचायत समितीत आवक नंबर आणि शिक्का मारून तुझ्याजवळ ठेव. "पाठवलंय की" असं तोंडी कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही, नंबर विचारायचा.